कार्डावर लोह 'पुरेसं' आलं, पण आमच्या शेतात नक्की काय आहे ते कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांब होणार आहे, आधीच सांगते, जमेल तेवढं छापा.

गेल्या बुधवारी डिचोलीच्या बाजारात एक बाई माझ्यासमोर वाकली, तांबड्या भाजीची जुडी हातात घेतली, पानं उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "बाय, ही भाजी खंयची गो?" मी गावाचं नाव सांगितलं. तर म्हणते, "मायनिंगाकडची न्हय मगो?" आणि मी तोंड उघडायच्या आधीच तिने जुडी हळूच खाली ठेवली आणि पलीकडे जाऊन बेळगावचा पालक घेतला.

तिचा मला राग आला नाही. घरात लहान पोरं असतील, भीती वाटली असेल. आणि समजा तिने थांबून विचारलं असतं की तुझी भाजी चांगली हे तू कशावरून सांगतेस, तर माझ्याकडे तरी काय उत्तर होतं? पान कोवळं आहे, सकाळी दवात काढलीय, शेणखत घातलंय, एवढंच मी सांगू शकते. त्या पानात शिसं किती, कॅडमियम किती, मला माहीत नाही. आणि तिने जो पालक घेतला त्यात काय आहे ते तिलाही माहीत नाही आणि तो विकणाऱ्यालाही नाही. म्हणजे आम्ही तिघंही अंदाजाने चाललोय, आणि पोटात मात्र रोज जातंय.

मी गोव्यातल्या खाणींच्या विरोधात घोषणा द्यायला हे लिहीत नाहीये. आमचं घर खाणीवरच चाललं. नवरा टिपर चालवायचा, २०१२ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या आणि ट्रक दारात उभा राहिला, बँकेचे हप्ते मात्र चालूच, ते दिवस आठवले की आजही रात्री जाग येते. मग मध्ये थोडं सुरू झालं, परत २०१८ च्या फेब्रुवारीत कोर्टाने ८८ लीज (खाणींचे भाडेपट्टे) रद्द केली आणि परत सगळं बंद. त्या सगळ्या काळात आम्हाला शेतीने धरलं. पावसात सरद भात, ज्योती जातीचं लावतो आम्ही, आणि नंतर वायंगणात, म्हणजे हिवाळी हंगामात, थोडं भात आणि बाकी भाजी, तांबडी भाजी, मुळा, अळसांदे (चवळी), भेंडी. आता लिलाव होऊन नव्या लीजवर काम सुरू झालंय, ज्यांची चूल त्यावर आहे त्यांची पेटू दे, मला बरंच वाटतं. पण ज्या शेतीने आम्हाला वाईट दिवसात धरलं तिच्या पोटात काय साठलंय हे विचारायचा हक्क मला आहे की नाही?

आमचं शेत नाल्याच्या काठाला. वर खाणीच्या टाकाऊ मातीचा डंप आहे. गोव्यात एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते, हा हिशोब खाणीवर काम केलेला कोणीही सांगेल, आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर जात होतं, मग त्यामागे डंपावर किती माती चढली ते तुम्हीच गुणून बघा. ती माती तिथेच राहत नाही. जून-जुलैत पाऊस धरला की नाला तांबडा होतो, बांध फुटला की तेच पाणी शेतात, आणि पाणी ओसरलं की जो चिखल बसतो तो वाळल्यावर सिमेंटसारखा कडक, नांगर लागत नाही. नुकसानभरपाई काही वर्षं मिळाली, काही वर्षं नाही. पण भरपाई देताना पंचनाम्यात काय लिहितात, तर किती मीटरात माती गेली आणि किती भात बुडलं. त्या मातीत काय आलं हा रकाना पंचनाम्यात मी कधी बघितला नाही.

२०१९ साली मी सॉईल हेल्थ कार्ड काढलं. ही केंद्राची योजना, २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, चांगली योजना आहे, त्यात वाद नाही. कार्डावर १२ गोष्टी येतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, मग सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. माझं कार्ड आलं, मी चष्मा लावून वाचलं, लोहासमोर लिहिलं होतं 'पुरेसं', मँगनीजसमोर 'पुरेसं'. मी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. ज्या शेतात दर पावसाळ्यात डंपाची माती येते तिथे लोह पुरेसं. नंतर कळलं की लोह ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भाग) वर गेलं की शेरा 'पुरेसं'च येतो, मग आकडा ५ असो की ५००. त्यात कार्डाची चूक नाही, ते कार्ड खत किती घालावं ते सांगायला बनवलंय, काय कमी पडतंय ते सांगतं. काय जास्त झालंय ते सांगायचं कामच त्याला दिलेलं नाही. आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, क्रोमियम, फवारणीच्या औषधांचा अंश, यातलं काहीच त्या १२ मध्ये नाही.

माझ्या नणंदेची मुलगी केमिस्ट्रीत एमएस्सी झालीय, मी तिला विचारलं की हे बाकीचं कुठे मोजून मिळेल. तिने दोन-तीन प्रायव्हेट लॅबना फोन केले. एका नमुन्याचे जेवढे पैसे सांगितले तेवढ्यात माझं वायंगणाचं सगळं बी येतं. आणि एका नमुन्याने होत नाही म्हणाली, "मामी, निदान पाच-सहा जागची माती, नाल्याचं पाणी, विहिरीचं पाणी, आणि भाजी वेगळी, भात वेगळं, आणि हे पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा." म्हणजे वर्षाची अर्धी कमाई. कोण शेतकरी करणार हे? आणि का करावं त्याने एकट्याने? ही माती त्याने डंपावरून आणून टाकलेली नाही.

भाचीने आणखी एक गोष्ट समजावली, ती समजायला मला वेळ लागला पण ती सगळ्यांनी समजून घ्यावी असं वाटतं. आपल्याकडे जांभा दगड. जांभ्यात लोह मुळातच भरपूर, माती आंबट, आणि भातात पाणी साठलं की ते लोह विरघळतं आणि जास्त झालं की भाताची पानं तांबूस पडून करपल्यासारखी दिसतात. हे जिथे खाण कधी नव्हती तिथेही होतं. मग उद्या मी म्हटलं की माझं शेत खाणीमुळे बिघडलं आणि कंपनीने म्हटलं की बाई तुमची जमीनच तशी, तर कोण खरं? कोणीच सांगू शकत नाही, कारण खाण यायच्या आधी त्या शेतात किती होतं ते कोणी लिहून ठेवलं नाही, आणि खाणीपासून लांबच्या तसल्याच जांभ्याच्या जमिनीत किती आहे त्याच्याशी शेत-शेत लावून बघितलेलं नाही. टेरी या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये गोव्याच्या खाणपट्ट्याचा मोठा अहवाल केला होता, तेव्हा जन्मलेली पोरं आज लग्नाची झाली. मधल्या काळात पर्यावरण परवान्यासाठी ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणारे) रिपोर्ट झाले, पण त्या रिपोर्टाचे पैसे ज्याला खाण पाहिजे तोच देतो, नियमच तसा आहे. तो रिपोर्ट करणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी गावाचा विश्वास बसत नाही, आणि मला नाही वाटत त्यात गावाची चूक आहे. २०२५ च्या जुलैत केंद्राने दूषित जागांसाठी नवीन नियम काढले, मी आशेने वाचायला घेतले, तर त्यात खाणकाम बाजूला काढलेलं, त्याला दुसरे कायदे आहेत म्हणून.

कोणी म्हणेल, एवढं संशोधन जगात झालंय, पंजाबात झालंय, बंगालात झालंय, तेच वाचा, परत पैसे कशाला घालवायचे. नाही चालत तसं. आमची जमीन वेगळी, आमचं जेवण वेगळं. आता कॅडमियमचं घ्या. भाताचं शेत सुकवलं तर कॅडमियम दाण्यात जास्त चढतं, पाणी भरून ठेवलं तर कमी चढतं पण मग आर्सेनिक वाढतं. पाणी कधी सोडायचं आणि कधी ठेवायचं हे आमच्याकडे पाटावर आणि नाल्यावर ठरतं, पुस्तकावर नाही. डिचोलीची नदी पुढे मांडवीला मिळते, पुढे चोडण, दिवाडी, जुवे या बेटांची खाजणं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठची बांध घातलेली शेतं, तिथे मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारं पाणी आत-बाहेर होतं, आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड कॅडमियमला धरून मुळापर्यंत सोपं करून देतं. पंजाबच्या गोड्या पाण्याच्या शेतातला आकडा कोरगुट भाताच्या खाजणाला कसा लागू होणार?

आणि आपण खातो उकडे, म्हणजे भात उकडून काढलेले तांदूळ. कोडेक्स या जागतिक अन्न-मानकांची मर्यादा कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाला असेंद्रिय (जास्त विषारी) आर्सेनिकची किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, कोंडा न काढलेल्याला ०.३५, कारण कोंड्यात ते जास्त साठतं. आपला तांबडा उकडा कोंड्यासकट पोटात जातो. बाहेरचे शास्त्रज्ञ सांगतात भात भरपूर पाण्यात शिजवा आणि पाणी ओतून द्या म्हणजे आर्सेनिक थोडं कमी होतं. आम्ही ते पाणी ओतत नाही हो, आम्ही पेज पितो. सकाळी अकराला शेतातून आलेला माणूस पेज पितो, आजारी पोराला पेज, बाळंतिणीला पेज. त्या पेजेत काय उतरतं हे गोव्यात नाही मोजायचं तर कुठे मोजणार?

भीती घालायला हे लिहीत नाही. मोजल्यावर कदाचित सगळं मर्यादेतच निघेल, तसं निघालं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच, तो कागद लॅमिनेट करून मी भाजीच्या टोपलीत ठेवीन. पण न मोजता राहिलं की काय होतं तेही माहीत पाहिजे. जपानात तोयामाला जिन्झू नदीच्या वर जस्त-शिशाची कामिओका खाण होती, तिचं पाणी नदीतून भाताच्या शेतात, भातातून बायकांच्या हाडात. इताई-इताई म्हणजे दुखतंय, दुखतंय, त्या आजाराला नावच तसं पडलं, आणि आजारी पडल्या त्या जास्त करून वय झालेल्या, बाळंतपणं झालेल्या बायका. तिथल्या सरकारने १९६८ ला मान्य केलं की हे खाणीच्या कॅडमियममुळे, १९७० ला शेतजमिनीच्या प्रदूषणाचा वेगळा कायदा केला, आणि ती शेतं माती बदलून परत पेरण्यासारखी करायला तीस वर्षांहून जास्त लागली. आपली खाण लोखंडाची, त्यांची जस्त-शिशाची, दोन्ही एक नाहीत हे मला कळतं. पण क्रम बघा, आधी बायका आजारी पडल्या, मग शेतं मोजली.

आपल्याच किनाऱ्यावर कासरगोड आहे. काजूच्या सरकारी बागांवर हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान हे कीटकनाशक वीस वर्षांहून जास्त काळ मारलं, २००० मध्ये थांबलं, सुप्रीम कोर्टाची देशभर बंदी आली २०११ ला, आणि पाच-पाच लाख भरपाई द्या हा आदेश २०१७ ला. मधली सगळी वर्षं आजारी पोरांच्या आयांनी पुरावा काय, पुरावा काय हेच ऐकलं. फवारणी चालू असतानाच दर वर्षी विहिरीचं पाणी आणि माती मोजून नोंद ठेवली असती तर त्या आयांना दारोदार पोरांना उचलून दाखवत फिरावं लागलं नसतं. काजू आपल्या डोंगरावरही आहे.

आता मला जे खरं मागायचंय ते. अमेरिकेत मेन म्हणून एक राज्य आहे, तिथे जे झालं ते भाचीने मला वाचून दाखवलं, मी दोनदा वाचायला लावलं. तिथे वर्षानुवर्षं सांडपाण्याचा गाळ फुकटचं खत म्हणून शेतात टाकत होते, सरकारी परवानगीने. त्या गाळात पीएफएएस नावाची रसायनं होती, नॉनस्टिक भांड्यांना, आग विझवायच्या फेसाला वापरतात ती, वर्षानुवर्षं मोडत नाहीत. २०१६ मध्ये एका दुधाच्या फार्मवर ती सापडली, मग आणखी ठिकाणी. २०२२ ला त्या राज्याने गाळ शेतात टाकणं बंद केलं, अमेरिकेतलं पहिलं राज्य, आणि ६ कोटी डॉलरचा फंड उभा केला, आपले ५०० कोटी रुपयांच्या आसपास. त्या फंडातून शेतकऱ्याचं बुडालेलं उत्पन्न भरून देतात, त्याच्या रक्ताची तपासणी करतात, जमीन अगदीच कामाची राहिली नाही तर विकत घेतात, आणि त्याच फंडातून संशोधनाला पैसे देतात. त्या राज्याची लोकसंख्या किती, तर २०२० च्या मोजणीत १३ लाख ६२ हजार. गोव्याची २०११ ला १४ लाख ५८ हजार. म्हणजे आम्ही लहान राज्य, आम्हाला कसं जमणार हे मला कोणी सांगू नये.

आणि ते संशोधन कशावर, तर शेतकऱ्याच्या कामाच्या गोष्टीवर. मक्याच्या दाण्यात ते रसायन कमी उतरतं आणि पाल्यात जास्त, हे कळलं की गुरांना काय घालायचं ते ठरवता येतं. पालेभाजीत जास्त, फळभाजीत कमी, हे कळलं की कुठल्या तुकड्यात काय लावायचं ते ठरतं, शेत बंद करावं लागत नाही. आमचंही तसंच आहे. तांबडी भाजी कॅडमियम पटकन ओढते म्हणतात, अळसांदे-भेंडी तेवढं नाही. माती आंबट असली की जास्त ओढते, चुना घातला की कमी. मग नाल्याकडच्या दोन वाफ्यांत भेंडी घे आणि वरच्या वाफ्यात तांबडी भाजी लाव, एवढं जरी मला कोणी आकड्यासकट सांगितलं तरी मी उद्यापासून करेन. 'तुझी जमीन विषारी' असं सांगून निघून जाणारा मला नको.

कारण खरी अडचण इथेच आहे आणि ती कोणी बोलत नाही. आज गावात कोणी नमुने घ्यायला आलं तर अर्धे शेतकरी शेतात पाय ठेवू देणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. नमुना वाईट निघाला आणि पेपरात गावाचं नाव आलं की त्या दिवसापासून गावाची भाजी बुडाली, सगळ्या गावाची, ज्याचं शेत चांगलं त्याचीही. २०१८ च्या जुलैत मडगावच्या होलसेल मासळी बाजारात फॉर्मेलिनचं (मासळी टिकवायला मारतात असं म्हणतात ते रसायन) काय झालं ते आठवा. सकाळी किटवर टेस्ट केली, फॉर्मेलिन आहे म्हणाले, मग म्हणाले मर्यादेत आहे, लोकांना काहीच कळेना, किती घरांत मासळी यायची बंद झाली, सरकारने काही दिवस बाहेरची मासळी अडवली, आणि त्यात मार कोणी खाल्ला, तर रोज पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांनी पण खाल्ला ज्यांची मासळी त्याच सकाळी रांपणीतून (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून) आलेली. मोजणी चुकीची होती की बरोबर त्या वादात मी पडत नाही, पण आधीपासून नियमित मोजलेलं, जाहीर केलेलं काही असतं तर एका सकाळीत एवढी घबराट झाली नसती असं मला वाटतं.

म्हणून संशोधनाला पैसे द्या म्हणताना माझं म्हणणं दोन्ही एकत्र द्या असं आहे. ज्या फंडातून मोजणार त्याच फंडात हे आधीच लिहून ठेवा की ज्याच्या शेतात मर्यादेच्या वर निघेल त्याला दुसरं पीक बसेपर्यंत इतकी वर्षं उत्पन्न भरून मिळेल, चुना-बियाणं मिळेल, घरच्यांची रक्ततपासणी मोफत होईल. कुळांचंही बघा, कितीतरी जणांचं नाव फॉर्म एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) नीट चढलेलं नाही, शेत तेच करतात, त्यांना कागद नाही म्हणून बाहेर ठेवू नका. हे लिहिलेलं असेल तर मी स्वतः गावात घरोघरी जाऊन नमुने गोळा करून देईन. ते नसेल तर कोणी देणार नाही, आणि मग तुमच्या संशोधनात फक्त ज्यांना काही भीती नाही त्यांची शेतं येतील.

पैसे नाहीत म्हणू नका. २०१५ ला खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक जिल्ह्यात मिनरल फाउंडेशन झालं, उत्तर गोव्यात आहे, दक्षिण गोव्यात आहे. जुन्या लीजच्या रॉयल्टीवर ३० टक्के, लिलावाच्या लीजवर १० टक्के, हे पैसे तिथे जमा होतात, आणि ते खाणीने बाधित लोकांसाठीच आहेत. केंद्राने त्याच वर्षी सांगितलं की निदान ६० टक्के, आणि २०२४ पासून ७० टक्के, खर्च पिण्याचं पाणी, पर्यावरण आणि प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण असल्या कामांवर करा. शेतातलं प्रदूषण मोजणं यात बसत नाही तर काय बसतं? शिवाय सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या एप्रिलात सांगितलं म्हणून विकलेल्या खनिजाच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी फंडात जाते, पुढच्या पिढ्यांसाठी. पुढच्या पिढ्या काय खाणार ते बघणं याहून पुढच्या पिढ्यांसाठीचं काम मला तरी सुचत नाही. जिथे खाण नाही पण कारखान्यांचं पाणी आहे, कचऱ्याच्या ढिगातून झिरपणारं पाणी आहे, शहराचं सांडपाणी आहे, तिथे मिनरल फाउंडेशनचे पैसे लागणार नाहीत, त्यासाठी राज्याच्या बजेटात वेगळा हेड करा, दर वर्षी.

आणि 'दर वर्षी' हे मी मुद्दाम लिहिते. सहा महिन्यांचा प्रोजेक्ट होतो, पोरं येतात, पाच बाटल्या पाणी नेतात, थिसिस होतो, कपाटात जातो, गावाला काही कळत नाही. मोजायच्या मशीनला एकदा पैसे मिळतात, पण त्या मशीनला लागणारा आर्गन गॅस, चालवणारा टेक्निशियन, त्याचा पगार, हे दर महिन्याचं असतं आणि तिथे पैसे अडकतात असं भाची सांगते, तिने ते जवळून बघितलंय. आपल्याकडे माणसं नाहीत असं नाही. जुन्या गोव्यात आयसीएआरची (केंद्राच्या शेती संशोधन परिषदेची) किनारी शेतीची संस्था आहे, दोनापावलाला समुद्रविज्ञानाची संस्था एनआयओ आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. नदी एक बघते, शेत दुसरा बघतो, पाण्याचे नमुने तिसरा घेतो. निदान दहा वर्षं तीच शेतं, तेच नाले, पावसाआधी आणि पावसानंतर, माती, पाणी आणि खायचा भाग, आणि निकाल मराठीत आणि कोंकणीत पंचायतीच्या फळ्यावर, चांगला असो की वाईट. खाण कंपनीचा माणूस त्या समितीत असू दे, पण निकाल छापायचा की नाही हे त्याच्या हातात नको, आणि मंत्र्याच्याही नको.

शेवटी माझ्याकडे जे आहे ते सांगते. इंग्लंडात रोथामस्टेड म्हणून शेतीची संस्था आहे, १८४३ पासून तिथे प्रयोग चालू आहेत आणि जुन्या काळापासूनची माती त्यांनी सुकवून बाटल्यांत भरून ठेवलीय. शंभर वर्षांनी नवीन मशीन आल्यावर त्याच जुन्या बाटल्या उघडून त्यांनी मोजलं की शेतात कॅडमियम कसं कसं वाढत गेलं. भाचीने हे सांगितलं ते २०१९ साल, कार्ड आलं तेच. त्या वर्षीपासून मी दर कार्तिकात, वायंगणाची तयारी सुरू करायच्या आधी, शेतातल्या त्याच पाच जागांची माती काढते. कुदळ वापरत नाही, लोखंड लागतं म्हणून, बांबूची फळी केलीय. घरात कागदावर पसरून सावलीत सुकवते आणि त्या वर्षीच्या एका काचेच्या बरणीत भरते, वर तारीख, जागा, त्या वर्षी बांध फुटला होता की नाही, आणि काय पीक होतं ते लिहून चिकटवते. सात वर्षांच्या सात बरण्या माळ्यावर आहेत, नवरा म्हणतो लोणच्याची जागा गेली, पण हल्ली तोच मला माती काढायला मदत करतो.

कोणाही संशोधकाला, कुठल्याही संस्थेच्या, त्या पाहिजे असतील तर मी देते, पैसे नकोत, फक्त निकाल मला सांगायचा. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. येत्या कार्तिकात आठवी बरणी भरणार, त्याआधी कोणी एवढं कळवलं तर बरं होईल की मोजायला किती माती लागते, म्हणजे बरणी लहान पडत असेल तर मोठी घेते.

आपली नम्र,
एक शेतकरी वाचक, डिचोली तालुका